हे सेटिंग पिक्सेल बदलतं की नुसती चिठ्ठी? व्हिडिओ सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
व्हिडिओ एडिटिंग, रेकॉर्डिंग आणि रूपांतराची सॉफ्टवेअरं बनवणारे व त्यांची मॅन्युअलं लिहिणारे सर्वजण

विषय : कलर स्पेसच्या सेटिंगांची मदतपानं

स. न. वि. वि.

तुमच्या मॅन्युअलात ‘कलर स्पेस’ (फायलीतले आकडे नेमके कुठले रंग दाखवतात ते ठरवणारे नियम) या मथळ्याखाली बहुतेक वेळा एकच वाक्य सापडतं : ‘इथे कलर स्पेस निवडा.’ त्याखाली ‘कलर रेंज’ आणि ‘इथे कलर रेंज निवडा.’ मेन्यू उघडल्यावर जे दिसतंच, तेच पुन्हा छापलेलं. यादीत रेक ६०१ (जुन्या एसडी टीव्हीचं मानक), रेक ७०९ (एचडीचं), एसआरजीबी (संगणकाच्या पडद्याचं), रेक २१०० (एचडीआरचं), लिमिटेड, फुल आणि ऑटो. यातलं कधी काय निवडायचं, निवडल्यावर फायलीत नेमकं काय बदलतं आणि चुकलं तर पडद्यावर कसं दिसतं, याबद्दल अक्षर नाही.

आम्ही गोव्यात हे काम करणारी माणसं. देवळांच्या सभामंडपात होणारी मराठी नाटकं, वास्कोच्या दामोदर सप्ताहाचं रात्रभर चालणारं थेट प्रक्षेपण, चवथीच्या माटोळ्या (गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची आरास), शिगमोत्सवाच्या मिरवणुका, लग्नं, आणि नोव्हेंबरात इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) आली की लघुपटांच्या प्रती. एकाच टाइमलाइनवर मिररलेस कॅमेऱ्याची लॉग फाइल (नंतर रंग चढवण्यासाठी मुद्दाम फिकट घेतलेली), ड्रोनची क्लिप, यजमानाच्या भाच्याने आयफोनवर घेतलेला एचडीआर (उजेड-काळोखाचा जास्त मोठा पल्ला असलेला) व्हिडिओ आणि फोटोशॉपमध्ये केलेली पीएनजी पाटी, असं सगळं येतं. म्हणजे चार ठिकाणांहून आलेल्या चार वेगळ्या कलर स्पेस, आणि हातात तुमचं ते एका वाक्याचं पान. मागणी एकच आहे. प्रत्येक सेटिंगपाशी स्पष्ट लिहा, की हे सेटिंग येणारी फाइल कशी वाचायची ते ठरवतं, पिक्सेलचे आकडे खरोखर बदलतं, की फायलीवर तिचं वर्णन सांगणारी नुसती चिठ्ठी (टॅग) चिकटवतं.

डब्यात मीठ आहे आणि वर ‘साखर’ लिहिलंय, तर चिठ्ठी बदलायची. डब्यात मीठ आहे आणि आपल्याला साखरच हवीय, तर डबा रिकामा करून भरायला हवा. ही दोन कामं तुमच्या मेन्यूंत एकाच नावाने वावरतात, आणि आमच्या बहुतेक भानगडी तिथेच सुरू होतात.

ओबीएस स्टुडिओ घ्या, थेट प्रक्षेपणासाठी गोव्यात हे सर्रास वापरलं जातं. कॅप्चर कार्डच्या (कॅमेऱ्याचं चित्र संगणकात घेणाऱ्या कार्डाच्या) सोर्सच्या गुणधर्मांत कलर स्पेस आणि कलर रेंज हे दोन खाने आहेत. सेटिंग्जमधल्या अॅडव्हान्स्ड पानावरही नेमके याच नावांचे दोन खाने आहेत. पहिली जोडी सांगते की कार्डाकडून आलेले आकडे ओबीएसने कसे समजून घ्यावेत. दुसरी जोडी ठरवते की बाहेर जाणारा प्रवाह कोणत्या गणिताने तयार होईल आणि त्यावर काय लिहिलं जाईल. मंडपात चित्र फिकट दिसलं की माणूस घाईत जाऊन अॅडव्हान्स्डमधली रेंज फुल करतो. मूळ चूक कार्डाच्या वाचनात असते, ती तशीच राहते, आणि आता बाहेरचा प्रवाहही वेगळाच झालेला असतो. शिवाय त्याच यादीतले एसआरजीबी आणि ७०९ : प्रायमरीज तेच, मॅट्रिक्स तेच, फरक फक्त ट्रान्सफरच्या चिठ्ठीत (या तिन्ही शब्दांचे अर्थ पुढे देतो). हे एवढं वाक्य पानावर असतं तर त्या दोघांत डोकं घालण्यात कुणाचा वेळ गेला नसता.

एडिटिंग आणि ग्रेडिंगच्या (रंग जुळवण्याच्या) दाविंची रिझॉल्व्हमध्येही हाच घोळ. क्लिप अॅट्रिब्यूट्समधल्या डेटा लेव्हल्स वाचनासाठी आहेत. डिलिव्हर पानावरच्या डेटा लेव्हल्स आकडे बदलतात. त्याच पानावरचे कलर स्पेस टॅग आणि गॅमा टॅग नुसती चिठ्ठी लिहितात, चित्राला हात लावत नाहीत. तीन खाने, तीन कामं. एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या रूपांतराच्या सॉफ्टवेअरात तर प्रायमरीज, ट्रान्सफर आणि मॅट्रिक्स हे तीन पर्याय आउटपुटला लावून ‘कन्व्हर्ट केलं’ असं समजणारे पदोपदी भेटतात. ते पर्याय मुळात चिठ्ठीचे. आकडे खात्रीने बदलायचे तर स्केल, झेडस्केल किंवा कलरस्पेस यातला फिल्टर लावावा लागतो. शब्द तेच असल्यामुळे वाचणाऱ्याला फरक कळायला मार्ग नाही, तो लिहिणाऱ्यानेच सांगायला हवा.

आता ‘कलर स्पेस’ या एका नावाखाली तुम्ही जे कोंबता त्याकडे येऊ. त्यात चार स्वतंत्र गोष्टी आहेत. प्रायमरीज म्हणजे मूळ लाल, हिरवा, निळा नेमके कुठले. ट्रान्सफर म्हणजे सिग्नलचा आकडा आणि उजेड यांचं नातं, ज्याला बोलताना सगळे गॅमा म्हणतात. मॅट्रिक्स म्हणजे आरजीबीवरून वायसीबीसीआर (उजेडाचा एक आकडा, ल्युमा, आणि रंगाचे दोन, क्रोमा) काढतानाचे गुणक. रेंज म्हणजे काळा आणि पांढरा कुठल्या आकड्यावर बसवले ते. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या एच.२७३ या मानकात पहिल्या तिन्हींना वेगवेगळे क्रमांक दिलेले आहेत, रेंजसाठी वेगळी खूण आहे. रेक ७०९ चा क्रमांक तिन्हीकडे १, म्हणून क्विकटाइम फायलींबद्दल बोलताना लोक ‘१-१-१’ म्हणतात. एचएलजी आणि पीक्यू या एचडीआरच्या दोन ट्रान्सफर : एचएलजीची फाइल ९-१८-९, पीक्यूची ९-१६-९. आणि २ याचा अर्थ ‘सांगितलेलं नाही’. तुमच्या मेन्यूत खाना एकच असला तरी हरकत नाही, पण तो यातल्या कुठल्या क्रमांकांना हलवतो ते छापा.

मॅट्रिक्सवर जरा थांबतो, कारण ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात कमी ओळखू येते. ६०१ मध्ये ल्युमा काढताना लाल, हिरवा, निळा यांचे गुणक ०.२९९, ०.५८७, ०.११४ असतात. ७०९ मध्ये ०.२१२६, ०.७१५२, ०.०७२२. फाइल ६०१ ने बनली आणि प्लेअरने ७०९ ने वाचली, तर शुद्ध हिरवा २५५ चा २१५ होतो, म्हणजे काळवंडतो. शुद्ध लालात हिरव्याचे २५ मिसळतात आणि तो शेंदरीकडे झुकतो. जांभ्या दगडाच्या भिंतीचा रंग समजा १५३, ७७, ५१ आहे, तो १६०, ८३, ४९ होतो. इतका फरक एकट्या चित्रात डोळ्यांना खटकत नाही. पण त्याच भिंतीचा दुसऱ्या कॅमेऱ्याचा शॉट शेजारी लागला की जोड लगेच उघडा पडतो. माटोळीत हे आणखी जाणवतं : आंब्याचे टाळे, कच्च्या सुपाऱ्यांचे घोस, नारळ, हिरव्याच्या दहा छटा एका चौकटीत, आणि सगळ्या एकदम मातकट.

ही चूक ओळखू न येण्याचं कारण साधं आहे. राखाडी रंगात क्रोमा शून्य असतो आणि दोन्ही मॅट्रिक्समधल्या गुणकांची बेरीज १ येते. त्यामुळे काळा, पांढरा आणि मधले सगळे राखाडी जसेच्या तसे राहतात. तुमच्या कित्येक पानांवर ‘ग्रे चार्ट लावून तपासा’ असा सल्ला असतो. ग्रे चार्ट व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजरसाठी उत्तम, पण मॅट्रिक्सची चूक त्यावर जन्मात दिसणार नाही.

रेंजची चूक उलट जातीची, ती लगेच डोळ्यांत भरते पण निदान चुकतं. ८ बिटमध्ये लिमिटेडचा काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर, १० बिटमध्ये ६४ आणि ९४० वर. लिमिटेड फाइल फुल समजून वाचली तर काळा धुरकट राखाडी आणि पांढरा मळका. फुल फाइल लिमिटेड समजून वाचली तर १६ च्या खालचं सगळं काळ्यात बुडतं आणि २३५ च्या वरचं पांढऱ्यात. नाटकात काळ्या विंगेसमोर काळ्या शालूतली नटी असेल तर नुसता चेहरा आणि दोन हात तरंगताना दिसतात. तिसरा प्रकार म्हणजे दोनदा आवळणं : एकदा एडिटरने, मग रूपांतराच्या सॉफ्टवेअरने. तेव्हा काळा ३० वर आणि पांढरा २१८ वर येतो. असं चित्र बघून लोक ‘कॅमेरा फ्लॅट आहे’ म्हणत कॉन्ट्रास्ट वाढवतात. वाढवता येतो, पण ८ बिटमधल्या गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत आणि मिरामारच्या संध्याकाळच्या आभाळात पट्टे पडतात.

म्हणून प्रत्येक मॅन्युअलसोबत एक चाचणी चित्र द्या. फार मोठं काम नाही. १९२० बाय १०८० ची पीएनजी, तिच्यात प्रत्येकी किमान २०० पिक्सेल रुंदीचे चौकोन : राखाडी ०, ८, १६, १२८, २३५, २४५, २५५, आणि त्यांच्यासोबत लाल १९१-०-०, हिरवा ०-१९१-०, निळा ०-०-१९१. चौकोन मोठे हवेत, कारण नेहमीच्या ४:२:० व्हिडिओत क्रोमाचं रिझोल्यूशन निम्मं होतं आणि कडेला रंग सांडतो. आकडा नेहमी चौकोनाच्या मध्यातून उचलायचा. ८, १६, २३५ आणि २४५ मुद्दाम ठेवलेत. नुसता ० आणि २५५ ठेवला तर फुल-समजलं-लिमिटेड ही चूक कधीच सापडणार नाही, कारण ० चा ० च राहतो, २५५ चा २५५ च, आणि १२८ सुद्धा जेमतेम १३० होतो.

ही पाटी टाइमलाइनवर टाकायची, एक्स्पोर्ट करायची, फायलीतून एक फ्रेम परत पीएनजीत काढायची आणि आकडे वाचायचे. कॉम्प्रेशनमुळे दोनेक आकडे इकडेतिकडे होतील, ते सोडून द्यायचे. काळा १६ आणि पांढरा २३५ आला तर फाइल लिमिटेड आहे पण तशी वाचली गेली नाही. ३० आणि २१८ आला तर दोनदा आवळली. ८ आणि १६ दोन्ही शून्यावर गेले तर फुल फाइल लिमिटेड समजली गेली. राखाडी सगळे बरोबर पण हिरवा ०-१६१-० आला तर बनवली ६०१ ने, वाचली ७०९ ने. हिरवा १५-२२४-६ आला तर नेमकं उलट. काळा-पांढरा ठीक पण १२८ च सरकला असेल तर गॅमाकडे बघायचं. ही सात-आठ वाक्यं तुमच्या ‘अडचणी आणि उपाय’च्या पानावर जशीच्या तशी घाला, आमची परवानगी आहे. ज्यांच्या सॉफ्टवेअरात वेव्हफॉर्म (सिग्नलची पातळी दाखवणारा आलेख) आहे त्यांनी एवढंही जोडावं, की ७५ टक्के कलर बारमधला हिरवा ७०९ मध्ये ल्युमा १३३ वर बसतो आणि ६०१ मध्ये ११२ वर. लाल अनुक्रमे ५१ आणि ६५ वर. एका नजरेत निकाल.

‘ऑटो’बद्दल तक्रार मोठी आहे. ऑटो म्हणजे काय? फायलीतली चिठ्ठी वाचणं, की चिठ्ठी नसेल तर अंदाज बांधणं? आणि अंदाज कशावरून? एमपीव्ही प्लेअरचा नियम निदान सरळ आहे : रुंदी १२८० किंवा जास्त, अथवा उंची ५७६ हून जास्त असेल तर ७०९, नाहीतर ६०१. नियम शहाणपणाचाच आहे, पण परिणाम बघा. १०८० ची चिठ्ठी नसलेली क्लिप ७०९ म्हणून वाचली जाते. जुन्या लॅपटॉपवर एडिटिंग सुसह्य व्हावं म्हणून तिची ६४० बाय ३६० ची प्रॉक्सी (कामापुरती हलकी प्रत) केली आणि तिच्यावरही चिठ्ठी नसली, की ती ६०१ म्हणून वाचली जाते. मूळ आणि प्रॉक्सी यांचे रंग वेगळे, आणि ग्रेडिंग केलंय प्रॉक्सी बघून. उलट बाजूने एफएफएमपेगचं स्केलिंग काही सांगितलं नाही तर आरजीबीचं रूपांतर मूळ सवयीने ६०१ नेच करत आलंय. म्हणजे पीएनजीच्या मालिकेतून १०८० चं शीर्षक बनवलं की आत ६०१, बाहेर चिठ्ठी नाही, आणि प्लेअरचा अंदाज ७०९. दोन्ही सॉफ्टवेअरं आपापल्या जागी बरोबर, मधे हिरवा मेला.

चिठ्ठी दोन जागी असते हेही कुणी लिहीत नाही. एक एमपी४ किंवा एमओव्हीच्या वेष्टनात, दुसरी आतल्या एच.२६४ च्या प्रवाहात. दोन्हींत वेगवेगळं लिहिलेलं असू शकतं, आणि कुठली खरी मानायची यावर प्लेअरांचं एकमत नाही. मीडियाइन्फो हे फायलीची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर अशी फाइल असली तर दोन्ही नोंदी दाखवतं. तुमचं सॉफ्टवेअर लिहिताना कुठे लिहितं, वाचताना आधी कुठे बघतं, एवढं सांगा. आणि जिथे आकडे बरोबर आहेत पण चिठ्ठीच चुकलीय तिथे पुन्हा एन्कोड करायची गरज नसते, हे ठळक छापा. एफएफएमपेगचा एच२६४_मेटाडेटा हा बिटस्ट्रीम फिल्टर प्रवाहातली चिठ्ठी बदलतो, एमकेव्हीसाठी एमकेव्हीप्रॉपएडिट आहे. तीन तासांच्या नाटकाची फाइल काही मिनिटांत दुरुस्त होते आणि चित्राचा दर्जा तसूभर उतरत नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक पुन्हा रात्रभर रेंडर लावून बसतात, त्यात पावसाळ्यात वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

मॅकवरच्या गॅमाचं दुखणं जुनं आहे. एडिटरमध्ये भरदार दिसलेलं चित्र क्विकटाइम प्लेअरमध्ये फिकट दिसतं. कारण १-१-१ ची फाइल मॅकओएसचं रंगव्यवस्थापन साधारण १.९६ गॅमासारखी उलगडतं, आणि ग्रेडिंग करणाऱ्याने २.४ किंवा २.२ धरलेला असतो. ५० टक्के सिग्नलला २.४ वर १९ टक्के उजेड मिळतो, २.२ वर जवळजवळ २२, आणि १.९६ वर साधारण २६. रिझॉल्व्हमध्ये यासाठी मॅक डिस्प्लेची कलर प्रोफाइल व्ह्यूअरला लावण्याचा पर्याय आणि रेक ७०९-ए असे दोन उपाय आहेत, पण त्यांनी नेमकं काय होतं हे समजून न घेता दोन्ही चालू करणारे आहेत. पानावर लिहा की ७०९-ए ने मॅकवर एडिटर आणि प्लेअर यांचं चित्र जुळतं, टीव्हीवर जाणाऱ्या प्रतीला त्याचा उपयोग नाही. मॉनिटरबद्दलही एक ओळ हवी : बीटी.१८८६ चा २.४ हा मंद उजेडाच्या खोलीसाठी आहे. दुकानाच्या काचेतून दुपारचं ऊन पडद्यावर येत असेल तर २.४ चा हट्ट धरून सावल्या काळ्याकुट्ट करण्यात अर्थ नाही.

फोनच्या एचडीआरने तर गेल्या काही वर्षांत कहर केलाय. आयफोन १२ पासून, म्हणजे २०२० पासून, फोन डॉल्बी व्हिजनचा व्हिडिओ एचएलजीत घेतात, आणि घेणाऱ्याला त्याची कल्पना नसते. ही क्लिप ७०९ च्या टाइमलाइनवर आली की दोनपैकी एक होतं. सॉफ्टवेअरने चिठ्ठी वाचलीच नाही तर रेक २०२० चे (एचडीआरमधले जास्त रुंद) रंग ७०९ समजून दाखवले जातात, चेहरे फिके पडतात, कुंकू विटल्यासारखं दिसतं. चिठ्ठी वाचली पण टोन मॅपिंग (एचडीआरचा उजेड साध्या पल्ल्यात बसवणं) केलं नाही तर समईची ज्योत, पांढरं धोतर आणि कपाळावरची चकाकी, सगळं एकच पांढरा डाग. पहिल्याचा उपाय म्हणजे इनपुट कलर स्पेस रेक २१०० एचएलजी सांगणं, दुसऱ्याचा टोन मॅपिंग चालू करणं. तुमच्या पानावर दोन्हींची चित्रं शेजारी शेजारी लावा, बघणारा आपली चूक लगेच ओळखेल. आणि शूटिंगच्या आधीच टाळायचं असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे एचडीआर व्हिडिओ बंद. ओबीएससारख्या ठिकाणी एसडीआर (साध्या व्हिडिओच्या) व्हाइट लेव्हल ३०० निट्स (उजेडाचं एकक) आणि एचडीआरची कमाल १००० निट्स असे आकडे आधीच भरलेले असतात, तर आयटीयूच्या बीटी.२४०८ मध्ये संदर्भ पांढरा २०३ निट्स धरलाय, म्हणजे एचएलजीत ७५ टक्के आणि पीक्यूत ५८ टक्के सिग्नल. या दोन आकड्यांचा मेळ कसा घालायचा हे ज्याने तो खाना बनवला त्यानेच सांगावं.

ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर व्हिडिओ एडिटर म्हणून वापरणारे थोडे, पण शीर्षकांसाठी बरेच वापरतात. तिथे २.८० पासून नव्या फायलीत व्ह्यू ट्रान्स्फॉर्म (चित्र पडद्यावर कसं उलगडायचं ते ठरवणारा खाना) फिल्मिक असायचा, ४.० पासून एजीएक्स असतो. हे दोन्ही त्रिमितीय दृश्यांसाठी आहेत. आधीच तयार असलेल्या व्हिडिओला किंवा लोगोला लावले की तो मरगळतो. उपाय एका क्लिकचा, व्ह्यू ट्रान्स्फॉर्म ‘स्टँडर्ड’ करा. एवढी सूचना सीक्वेन्सरच्या पानावर सगळ्यात वर हवी, रंगव्यवस्थापनाच्या लांबलचक प्रकरणाच्या पोटात दडलेली नको.

लॉग आणि लट (एलयूटी, म्हणजे लॉगचं चित्र नेहमीच्या रंगांत आणणारा तयार तक्ता) यांबद्दल थोडक्यात. लट कुठल्या कॅमेऱ्याच्या कुठल्या लॉगसाठी आहे आणि त्याला फुल आकडे अपेक्षित आहेत की लिमिटेड, हे लट लावायच्या खान्यापाशी विचारा किंवा निदान लिहा. एस-लॉग३ मध्ये १८ टक्के राखाडी ४१ टक्क्यांवर बसतो. तो तिथे नसेल तर आधी रेंज तपासा, मग लट बदलायला घ्या.

सिनेमाघराच्या प्रतीबद्दल एकच गोष्ट. डीसीपीत (सिनेमाघराच्या डिजिटल प्रतीत) रंग एक्सवायझेड या वेगळ्या कलर स्पेसमध्ये, गॅमा २.६, पडद्यावर पांढरा ४८ निट्स. ती बनवणाऱ्या डीसीपी-ओ-मॅटिकमध्ये रेक ७०९ आणि रेक १८८६ असे दोन वेगळे पर्याय आहेत आणि फरक गॅमाचा आहे. ज्याने मॉनिटर २.४ वर ठेवून ग्रेडिंग केलंय त्याने नाव बघून ७०९ निवडलं तर सावल्या उघड्या पडतात. महोत्सवाच्या आदल्या संध्याकाळी ही गोष्ट कळून उपयोग नसतो.

कलर स्पेसचं सेटिंग काय दुरुस्त करू शकत नाही, तेही लिहा. हल्ली रंगमंचावर एलईडी पार लाइट असतात. गर्द निळा किंवा जांभळा लावला की कॅमेऱ्याचा निळा चॅनल तुडुंब भरतो आणि नटाच्या चेहऱ्यावरचा सगळा तपशील पुसला जातो. तो तपशील फायलीत नाहीच. ७०९ चं २०२० करून, रेंज फुल करून, काहीही करून तो येणार नाही. उपाय शूटिंगच्या वेळी : लाइटवाल्याला थोडा पांढरा मिसळायला सांगणं, किंवा एक्स्पोजर उतरवणं. तसंच फाइल अगदी बरोबर असूनही देवस्थान समितीच्या टीव्हीवर ती धुरकट दिसते, तेव्हा दोष बहुधा एचडीएमआयचा. लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाच्या पॅनेलमधली आउटपुट डायनॅमिक रेंज आणि टीव्हीतली एचडीएमआय ब्लॅक लेव्हल जुळलेली नसते. आधी या दोन्ही तपासा, फायलीला हात लावू नका, असं मॅन्युअलाने सांगितलं तर चांगली फाइल बिघडणार नाही.

नोंद कशी असावी म्हणून एक नमुना लिहून देतो, हवा तर उचला :

‘कलर रेंज, एक्स्पोर्टमधली. हे सेटिंग पिक्सेलचे आकडे बदलतं आणि प्रवाह व वेष्टन दोन्हींत चिठ्ठी लिहितं. आलेली फाइल कशी वाचायची याच्याशी याचा संबंध नाही, ते क्लिपच्या गुणधर्मांत आहे. लिमिटेड : ८ बिटला १६ ते २३५, १० बिटला ६४ ते ९४०. फुल : ० ते २५५ आणि ० ते १०२३. यूट्यूब, टीव्ही आणि फोनसाठी लिमिटेड. पीएनजीसारख्या आरजीबी चित्रांच्या मालिकेसाठी फुल. ऑटो ठेवल्यास वायसीबीसीआरच्या कोडेकांना लिमिटेड, आरजीबीला फुल. चित्र धुरकट दिसलं तर आधी मीडियाइन्फोत रेंज वाचा, मग सोबतची चाचणी पाटी एक्स्पोर्ट करून ०, ८ आणि १६ चे चौकोन बघा. हे वर्णन अमुक आवृत्तीपासून लागू.’

शंभरेक शब्द भरले असतील. यात नवशिक्याला काय निवडायचं ते कळतं आणि जाणकाराला आत काय चाललंय ते. शेवटची ओळ विसरू नका. तुमच्या पर्यायांचे अर्थ आवृत्तीगणिक बदलतात, मूळ सवयी बदलतात, आणि नेटवर सापडणारा सल्ला नेमका कुठल्या आवृत्तीचा आहे हे कळत नाही. शॉटकटने क्लिपच्या गुणधर्मांत ‘ब्रॉडकास्ट लिमिटेड, एमपेग’ आणि ‘फुल, जेपेग’ अशी पर्यायांची नावंच बोलकी ठेवलीत, हे चांगलं आहे. तसंच बाकीच्यांनीही करावं, म्हणजे निम्मं मॅन्युअल मेन्यूतच होईल.

वर सांगितलेली चाचणी पाटी, तिच्यापासून मुद्दाम चुकवून केलेल्या फायली आणि प्रत्येकीचे अपेक्षित आकडे आम्ही तयार करून द्यायला बसलोय. ६०१ आणि ७०९ ची अदलाबदल, दोनदा आवळलेली रेंज, वेष्टन आणि प्रवाह यांत भांडण लावलेली फाइल, चिठ्ठी नसलेली ३६० ची प्रॉक्सी, टोन मॅपिंगशिवायची एचएलजी, अशी सगळी. कुठल्याही अटीविना वापरा. मराठी मदतपानांचे मसुदे आले तर आकडे पडताळून परत पाठवू. चवथीच्या हंगामात मात्र उत्तराला उशीर होईल, तेव्हा मसुदे पाठवायचे असतील तर जूनच्या पावसात पाठवा, तेव्हा लग्नंही नसतात.

आपले,
गोव्यातले काही व्हिडिओ एडिटर, ग्रेडिंग करणारे आणि थेट प्रक्षेपणवाले
पणजी, गोवा